दुसऱ्याच्या तेलाचा दिवा

एक होता राजा, आणि त्याला सगळं सरळ लागायचं. अंगणातलं झाड वाकडं वाढलं की तोडून टाकायचा. भाकरी गोल नसली की ताट ढकलायचा. हसू नको मने, तूही तेच करतेस. पाय आत घे पांघरुणात. विज्या, तू भिंतीकडं सरक. हं, आता ऐका.

तर त्या राजाचा एक गड होता, लांब डोंगरावर. राजा तिकडं कधी गेलाच नव्हता. गडाला चहूकडून कडे. कडे म्हणजे असे, की वरून दगड सोडला तर तो पडल्याचा आवाज यायच्या आत आपण विसरून जावं की दगड सोडला होता. आणि त्या गडावर तीन देवस्थानं होती. खाली दरवाजाशी उंबराखाली एक पीर, त्याला उंबरपीर म्हणायचे. मधे कातळात कोरलेली गुहा, तिच्यात पारिसनाथ. आणि अगदी माथ्यावर कडजाई देवी.

वाट सरळ नव्हती, बरं का. पीरापासून ती डावीकडं पारिसनाथाकडं जायची आणि तिथून उलटी वळून देवीकडं चढायची. पीर आणि देवी तसे समोरासमोर, हाकेच्या अंतरावर. पण मधे घळ होती. त्या घळीत कोण पडलं तर त्याला वर आणायला दोन दिवस लागायचे, आणि आणून उपयोग नसायचा.

पावसाळ्याचे चार महिने गडावर धुकं असायचं. भर दुपारी स्वतःचा हात दिसायचा नाही. मग माणसं चालायची कशी? दिव्यांवर. तिन्ही देवांपुढं एकेक दगडी दिवा होता, कधी न विझणारा. धुकं कितीही दाटू दे, त्या दिव्यांचा उजेड आरपार यायचा. पीराचा दिवा पाठीशी ठेवायचा, पारिसनाथाचा समोर धरायचा आणि चालायचं. तिथं पोचलं की देवीचा समोर धरायचा. आणि दिवा दिसला नाही तर जागचं हलायचं नाही. गडावरच्या पोरांना बोलता यायच्या आधी हे शिकवलेलं असायचं.

गडावर घरं पण तीनच. पीराची सेवा करायला बाबालाल मुजावर आणि त्याची बायको जैतुनबी. पारिसनाथाजवळ म्हातारे नेमाण्णा, एकटेच. आणि देवीपाशी सुंद्रा गुरवीण. तिचा नवरा वारलेला, पदरात सात वर्षांची लेक, चिमी.

या तिघांचा एक नेम होता. आपल्या देवाच्या दिव्यात आपण तेल घालायचं नाही. वात आपण वळायची, काजळी आपण झाडायची, पण तेल दुसऱ्याच्या घरचं. सुंद्रा तेल घालायची पीराला. जैतुनबी पारिसनाथाला. आणि नेमाण्णा गुडघे धरत वर चढायचे, देवीला घालायला. रोज सकाळी तीन बुधल्या गडावर इकडून तिकडं जायच्या. नेम कुणी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. सुंद्राची सासू तेवढं म्हणायची, "आपल्या हातचा उजेड आपल्याच डोळ्यापुरता." सासू म्हणायची म्हणून सुंद्रानं ते कधी नीट ऐकलं नाही.

मग एकदा काय झालं, चैत्रात राजा गड बघायला आला. पालखीतून आला. बघतो तर ही तिघं तेलाच्या बुधल्या घेऊन वाटेत एकमेकांना ओलांडतायत. खालची मधे चाललीय, मधला वर चाललाय, वरची खाली चाललीय.

राजा म्हणाला, "हे काय खूळ? सगळ्यांकडं तेल आहे, सगळ्यांकडं दिवा आहे. आपापल्या देवाला आपापलं तेल घाला. उद्यापासून असंच." आणि गेला. स्वतः पालखीत बसलेला, त्याला चढ काय ठाऊक. उंटावरचा शहाणा म्हणतात ना, तो हाच.

आता मला सांगा, ती तिघं राजाला काही बोलली का? नाही बोलली. का नाही? कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. सुंद्राला वाटायचं, नेमाण्णांच्या तेलाला वास येतो, देवी सोसते म्हणून बरं. नेमाण्णांना वाटायचं, जैतुनबी हात आखडून घालते. जैतुनबीला वाटायचं, ही सुंद्रा घाईघाईत अर्धं तेल दगडावरच सांडते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काही फक्त पोरांच्या बाबतीत नसतं. राजावर सगळं ढकलून मोकळं होऊ नका तुम्ही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापला दिवा काठोकाठ भरला. आणि काय सुरेख तेवले ते दिवे! प्रत्येक जण आपल्या दिव्यासमोर बसून त्याच्याकडंच बघत राहिला. ऊन लख्ख होतं, वाट दिसत होती. दुसऱ्याच्या दिव्याकडं बघायचं कुणाला कारणच पडलं नाही.

मग पावसाळा आला. मग धुकं आलं.

पहिला गेला मर्दान धनगर. तो पायथ्याहून दूध घालायला यायचा, उभा जन्म त्या वाटेनं आलेला. एका सकाळी दरवाजातून आत आला तो कुणाच्याच घरी पोचला नाही. तिसऱ्या दिवशी घळीवर घारी फिरायला लागल्या, तेव्हा कळलं. सगळे म्हणाले, पाय घसरला असेल बिचाऱ्याचा. नेमाण्णा दोन दिवस जेवले नाहीत.

दुसरा गेला बाबालाल. दर शुक्रवारी पीरापुढं ऊद जाळला की त्यातले निखारे वाटीत घेऊन तो वर देवीला धूप दाखवायला जायचा. त्याच्या बापानंही तेच केलेलं. त्या दिवशी गुहेपर्यंत धुकं विरळ होतं. पुढं गेला आणि एकदम दाटलं. त्यानं वर बघितलं, देवीचा दिवा दिसेना. शहाणा माणूस, जागीच थांबला. तिथूनच त्यानं हाक मारली, "सुंद्रा, दिवा इझलाय गं तुझा!"

सुंद्रानं मागं वळून बघितलं. दिवा समोर लख्ख तेवत होता. ती ओरडली, "लागलाय की भाऊ! या, सरळ या!"

बाबालालला वाटलं, ही म्हणतेय म्हणजे असेलच. तो तिच्या आवाजाच्या रोखानं चालत निघाला. सुंद्रानं दहा आकडे मोजावेत एवढा वेळ वाट बघितली. मग खालून वाटी आपटल्याचा आवाज आला. फक्त वाटीचा.

झोपलात की काय रे? नाही ना. मग ऐका.

त्याला वर आणलं, उंबराखाली माती दिली. जैतुनबी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "दिवा इझवून बसली, आणि माझ्या माणसाला सरळ ये म्हणाली." सुंद्रानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की दिवा लागलेला होता. जैतुनबी म्हणाली, "लेकराची खोटी शपथ घेऊ नगंस." त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि गंमत बघा, खोटं कुणीच बोलत नव्हतं.

चिमीला मात्र हे काही कळत नव्हतं. तिला जैतुनबी लागायची. जैतुनबीला मूलबाळ नव्हतं, तिच्या मांडीवर बसून चिमीनं गूळखोबरं खाल्लेलं. महिना झाला, आई तिकडं जाऊ देईना. मग एका सकाळी धुकं जरा उठलं होतं, आई देवीची भांडी घासत होती, आणि चिमी निघाली. गुहेवरनं गेली, नेमाण्णा आत वाती वळत होते, त्यांना दिसली नाही. आणि पीराच्या अलीकडं ती आली, तेवढ्यात पांढरं सगळं परत खाली उतरलं.

तिनं पीराचा दिवा शोधला. नव्हता. चार पावलं डावीकडं गेली. चुकली. मग तिला शिकवलेलं आठवलं आणि ती उभी राहिली. पण उभी कुठं राहिली? घळीत एक लांबट कातळ पुढं आलेला होता, त्याला घोरपड म्हणायचे. त्या घोरपडीच्या टोकावर. तीन बाजूंना नुसती खोली. सुटायची दिशा एकच, मागं, पीराकडची.

वर सुंद्रानं भांडी पालथी घातली आणि लेकीला हाक मारली. उत्तर आलं ते घळीच्या पलीकडनं.

"आई, मला आपला दिवा दिसतोय! येऊ का?"

सुंद्रानं ओळखलं, पोर घोरपडीवर आहे. देवीचा दिवा तिला अगदी समोर दिसत असणार, चार उड्यांवर, आणि मधली घळ दिसत नसणार.

"येऊ नगंस! हलू नगंस चिमे!"

"अगं पण दिसतोय की. देवीचाच हाय."

"आपल्या देवीचाच हाय, तरी येऊ नगंस. मी सांगते म्हणून येऊ नगंस. पीराचा दिसतोय का? पारिसनाथाचा?"

"न्हाई. ते इझल्यात दोन्ही."

सुंद्रा निघाली. दिवा नाही, तर वाटेकडेच्या कातळाला पाठ लावून, एकेक पायरी बुडावर उतरत ती गुहेशी आली. आत अंधार. त्या अंधारात नेमाण्णा दोन्ही हात पुढं धरून बसलेले. थंडीत आपण चुलीवर हात धरतो ना, तसे. पण हाताखाली काहीच नव्हतं.

"आण्णा, दिवा लावा. चिमी घोरपडीवर हाय."

नेमाण्णा दचकले. म्हणाले, "लागलेलाच हाय की. हे काय मी हात शेकतोय."

सुंद्रानं बोट पुढं केलं. बोट भाजलं. दिसलं काहीच नाही.

मग नेमाण्णा हळूच म्हणाले, "सुंद्रा, इझलाय तो तुझाच. म्हैना झाला, वरचा दिवा मला दिसत न्हाई. बाबालाल गेला त्या दिवशीबी नव्हता. तुला वाईट वाटंल म्हणून मी बोललो न्हाई."

सुंद्रा भाजलेलं बोट तोंडात धरून उभी राहिली. सासूचं बोलणं तिला तेव्हा आठवलं. आपल्या हातचा उजेड आपल्याच डोळ्यापुरता. चिमीला देवीचा दिवा दिसत होता, कारण त्यात तिच्याच घरचं तेल होतं. मर्दान धनगराच्या घरचा दिवा गडावर नव्हताच. त्याला तिन्ही दिसले नसतील. आणि बाबालाल. तिनं ते बोलून दाखवलं, तसं नेमाण्णांनाही कळलं. ते खाली बसले आणि त्यांनी कपाळ दगडावर टेकलं.

पण रडत बसायला वेळ कुठं होता? पोरीला पीराचा दिवा दिसायला हवा होता. म्हणजे त्यात पीराच्या घरचं सोडून दुसऱ्या कुणाचंही तेल हवं होतं. नेमाण्णांनी आपली बुधली तिच्या हातात दिली. म्हणाले, "माझे गुडघे न्हाईत चालायचे. तू जा. मी हितनं पोरीशी बोलत ऱ्हातो." आणि त्या म्हाताऱ्यानं ओरडून बोलायला सुरुवात केली. "चिमे, खाली बस. मांडी घाल. मी इचारतो तेवढं सांग. देवळाच्या पायऱ्या किती? तुझ्या शेळीच्या पाठीवर ठिपके किती?" पोर उत्तरं देत होती. मधेच म्हणायची, "आण्णा, आई कुठं गेली?" आणि मधेच म्हणायची, "आण्णा, देवी बोलवतीया. जाऊ का?"

सुंद्रानं बुधली पदरानं पाठीला बांधली आणि ती रांगत निघाली. हातानं चाचपत, दगडामागं दगड. एका ठिकाणी हाताला गार काही लागलं. मर्दानची दुधाची चरवी होती ती, काठावर अडकून राहिलेली. तीनदा तिचा हात पुढं गेला आणि खाली काही लागलंच नाही. तीनदा ती मागं सरकली. गुडघे सोलून निघाले. शेवटी हाताला उंबराचं मूळ लागलं.

"कोण हाय?" जैतुनबीचा आवाज.

"सुंद्रा."

"उभी ऱ्हा तिथंच. रांगत का आलीस? एवढा दिवा लागलाय."

सुंद्राच्या समोर नुसतं पांढरं होतं. ती म्हणाली, "मला दिसत न्हाई भाभी, तुमचा दिवा. तुम्हाला माझा दिसतोय?"

जैतुनबीनं मान वळवून देवीकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

मग सुंद्रानं सांगितलं. सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "बाबालालभाऊंनी इचारलं हुतं. मी मागं बघितलं, मला दिवा दिसला, आन् मी म्हणाले सरळ या. माझ्या शब्दावर ते चालले. मी पाडलं त्यास्नी. तुम्ही मला काय करायचं ते करा, पण आधी दिव्यात तेल घालू द्या."

जैतुनबी दिव्यापुढनं हलली नाही. चाळीस दिवसही झाले नव्हते हो तिच्या माणसाला जाऊन. उंबराखालची माती अजून बसली नव्हती. तिच्याजागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी काय केलं असतं, मला नाही सांगता येत.

तेवढ्यात धुक्यातनं चिमीचा आवाज आला. अगदी जवळनं आला. "आण्णा, माझं पाय बधिर झालं. मी आता उठते. मला दिवा दिसतोय, मी जाते."

जैतुनबी उठली. तिनं दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि पालथा केला. सगळं तेल मातीत. ज्योत विझली, आणि तिच्या डोळ्यांसमोरही पांढरं उभं राहिलं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, तिच्या माणसाला शेवटी काय दिसलं होतं.

"घाल," ती म्हणाली.

सुंद्राला धुक्यात दिव्याचं तोंड सापडेना. जैतुनबीनं तिचं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठं धार दिव्यात पडली. जैतुनबीनं चकमक झाडली. एकदा झाडली, ठिणगी पडलीच नाही. दुसऱ्यांदा झाडली, पडली आणि विझली. तिसऱ्यांदा वातीनं पेट घेतला, आणि बघता बघता धुक्यातनं उजेडाची वाट पडली, सरळ घोरपडीच्या टोकापर्यंत. तिथं चिमी उभी होती. देवीकडं तोंड करून, एक पाऊल उचललेलं.

सुंद्रा हाक मारायला गेली. 'सरळ ये' एवढंच म्हणायचं होतं. पण ते दोन शब्द तिच्या तोंडातून निघेनात. एकदा म्हणून तिनं बघितले होते ना.

आणि मग जैतुनबीनं हाक मारली. "चिमे, मागं बघ. पीराचा दिवा दिसला का? ये बाळा. सरळ ये."

चिमी वळली. आली. सरळ आली, आणि आधी आईच्या नाही, जैतुनबीच्या कमरेला मिठी मारली.

दुसऱ्या दिवसापासून तीन बुधल्या परत इकडून तिकडं जायला लागल्या. मर्दानची चरवी धुऊनपुसून त्याच्या बायकोला पोचती केली. जैतुनबी सुंद्राशी बोलायला लागली, पण माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि सुंद्रानं कधी विचारलं नाही. सुंद्रा पीराला तेल घालायची तेव्हा बाबालालच्या मातीपाशी जरा वेळ बसायची. जैतुनबी तिला उठ म्हणायची नाही.

राजाचं काय झालं? झोपली नाहीस वाटतं अजून. सांगते. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या कानावर गेलं, की गडावर आपला हुकूम मोडला. तो तणतणत आला. धुक्यामुळं भोई दरवाजातच थांबले. तिघांनी त्याला हात जोडून सगळं सांगितलं. राजा हसला. म्हणाला, "मला कुणाचा दिवा नको. मी माझा आणलाय." राजवाड्यातला चांदीचा दिवा, राजवाड्यातलं तेल, स्वतःच्या हातानं घातलेलं. तो हातात धरून पुढं निघाला. तिघंही ओरडत होती, महाराज, तिकडं वाट नाही, डावीकडच्या दिव्याकडं बघा. पण त्याला त्याच्या दिव्यापुढं दुसरा दिवा दिसेचना. "दिसतंय मला," असं तो म्हणाला. ते शेवटचं. त्याचा मुलगा राजा झाला, आणि तो झाडं वाढतील तशी वाढू द्यायचा.

चिमी मोठी झाली. सुंद्रा थकली, नेमाण्णा गेले, मग पीराची आणि पारिसनाथाची बुधली तीच न्यायची, आणि देवीला जैतुनबी तेल घालायची. गडावर पुन्हा कुणी पडलं नाही. जे गेले ते काही परत आले नाहीत. पण जे राहिले ते एकमेकांच्या उजेडात राहिले, आणि त्यांचं चांगलं झालं.

चला, आता मी आपला दिवा मालवते. घाबरू नको मने. खिडकीतनं बघ, समोर अल्लाबक्षाच्या घरी दिवा आहे. त्याच्या पोरांना आपला दिसत होता इतका वेळ. तेवढ्या उजेडात झोप येते. निजा.